कांद्याचा हात

गोरक्षचे पैसे गेले हे सगळ्यांना कळलं तो गुरुवार होता, आणि त्या वेळी माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता.

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना एका फाट्यावर अंकबाबांचा मंडप आहे. वर पत्रे, खाली हिरवी मॅट, समोर चंदेरी खुर्ची. त्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी दिलेल्या अंकावर गोव्याच्या कॅसिनोत जिंकलेला माणूस आज दिसणार, असं सगळीकडे पसरलं होतं. तो माणूस म्हणजे मी.

"बघा याच्याकडे!" बाबा माईकवर सांगत होते. "हा लहानू. एसटीच्या वर्कशॉपमध्ये स्पॅनर फिरवून रिटायर झालेला साधा माणूस. वर्ष झालं, बायको गेली. पण तिनं वरून अंक पाठवला! कशानं पाठवला? मोबाईलनं? नाही. ब्रह्मांडाच्या नेटवर्कनं! त्याला रिचार्ज लागत नाही, टॉवर लागत नाही. फक्त कान लागतो आणि श्रद्धा लागते!"

टाळ्या झाल्या. एका बाईनं माझा हात धरून आपल्या बाळाच्या डोक्यावर फिरवला. मला कसंतरीच झालं. मी हात काढून घेतला.

तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गडबड झाली. कुसाबाई आत येत होत्या. गोरक्ष हा माझा सटाण्याच्या शाळेतला मित्र, आता देवळ्याला कांद्याचा व्यापार करतो, त्याच्या या पत्नी. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. चार पावलं चालल्या की थांबावं लागतं. तशाच थांबत थांबत त्या पुढे आल्या आणि गोरक्षसमोर उभ्या राहिल्या.

"हॉस्पिटलचा फोन आलता," त्या म्हणाल्या. "पैसे भरा, तारीख देतो म्हणले. म्हणून डबा उघडला, तर आत नुसतं फडकं. पैसे कुठं हायेत?"

गोरक्षनं मान खाली घातली. "गेले."

"कुठं गेले?"

"बोटीवर. कॅसिनोत."

कुसाबाई मॅटवर खाली बसल्या. पुढच्या रांगेतल्या बायका त्यांना वारा घालायला लागल्या. मला वाटलं, आता तरी कोणीतरी बाबांच्या खुर्चीकडे बोट दाखवेल. पण सगळे गोरक्षकडेच बघत होते, त्यानं काही पाप केल्यासारखं.

बाबा खुर्चीवरून उतरले. "हात पुढे कर." गोरक्षनं हात पुढे केला. बाबांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मोठ्यांदा म्हणाले, "कांदा!"

"अरेरे," लोक म्हणाले.

"अंक बरोबर होता. वेळ बरोबर होती. पण हात कांद्याचा! या हातानं डावावर पैशांची चकती ठेवायची जागा चुकवली. अंकाला दोष देऊ नका, हाताला द्या!"

कुसाबाईंनी मान वर केली. "कांद्याचे व्यापारी हायेत ते. त्यांच्या हाताला कांद्याचा नाय तर काय गुलाबाचा वास येईल?"

मागे कोणीतरी हसलं. बाबांच्या सेवकांनी त्याला गप्प केलं.

बाबांचं पथ्य असं होतं: जायच्या आधी अकरा दिवस कांदा खायचा नाही, शिवायचा नाही, कांदा साठवलेल्या चाळीजवळून जायचंही नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे जमलं असतं. आमच्याकडे रस्त्यानं चालताना ट्रॅक्टरमधून कांदा पायाशी येऊन पडतो. त्यामुळे हरलेल्या प्रत्येकाला आपलं काय चुकलं ते लगेच आठवायचं. आमच्याबरोबर गोव्याला आलेला वाल्मीक तिथेच उभा होता. तो नाशिकला हार्डवेअरचं दुकान चालवतो, बाबांचा जुना भक्त. तोही हरला होता, पण थोडंच. "माझंही तेच झालं," तो मला हळूच म्हणाला. "मिसळ खाल्ली होती. वर कांदा होता. मीच करंटा."

मी गळ्यातला हार काढला. "महाराज," मी म्हणालो, "मी तर रोज कांदाच खातो."

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला स्वयंपाक येत नाही. शेजारून भाकरी येते, तिच्याबरोबर कांदा फोडून खातो. गोव्याला निघालो त्या सकाळीही खाल्ला. मग माझा हात कसा नाही चुकला?"

बाबांनी माईक तोंडाशी नेला. "विधुराला सूट आहे!" त्यांनी जाहीर केलं. "दुःखानं जो शुद्ध झाला, त्याला कांदा बाधत नाही!"

पुन्हा टाळ्या. आपल्याला सूट आहे हे मला तेव्हाच कळलं.

मग बाबा गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको. पुढच्या गुरुवारी शुद्धी करू. नवा अंक देतो. गेलेलं येईल, वर आणखी येईल. भांडवल मात्र लागेल. घरात सोनं असेल ना?"

गोरक्षनं हो म्हणून मान हलवली. कुसाबाईंचा हात गळ्याशी गेला.

माझी सिंधू गेली ती आजार उशिरा कळला म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुसाबाईंचं वेळेवर कळलं आहे. ऑपरेशन केलं तर त्या जगतील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. आता सोनंही बोटीवर गेलं, तर ते ऑपरेशन कधीच होणार नव्हतं. घरी जाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आमची गोव्याची ट्रिप ठरली ती माझ्यासाठी. सिंधू गेल्यावर मी घराबाहेर पडत नव्हतो. आम्ही चौघं शाळेपासूनचे. मी, गोरक्ष, वाल्मीक आणि इनायत. इनायतचं सटाण्याला शिवणकामाचं दुकान आहे. वाल्मीक म्हणाला, "याला समुद्र दाखवू, जरा माणसात येईल." मग तोच म्हणाला, "जाताच आहोत तर बाबांचा आशीर्वाद घेऊन जाऊ. बाबा कॅसिनोचा अंक देतात." मी म्हणालो, अंक कळत असेल तर ते स्वतःच का जात नाहीत? वाल्मीक चिडला. "लहान्या, तुला प्रत्येक गोष्टीचा नट उघडून बघायचा असतो."

बाबा अंक देतात तो तिघांना मिळूनच. एकटा गेला तर देत नाहीत, दोघे गेले तर तिसरा घेऊन या म्हणतात. त्याला ते त्रिकूट म्हणतात. इनायत बाबांकडे आला नाही, त्यामुळे आमचं त्रिकूट बरोबर जमलं. प्रत्येकाला पडद्यामागे एकट्याला बोलावून कानात अंक सांगतात. तो कोणाला सांगायचा नाही, बायकोलाही नाही. सांगितला तर घरातल्या आजारी माणसावर उलटतो.

मी विश्वास ठेवून गेलो नव्हतो. पण बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सिंधू सांगते आहे. पहिले बारा." त्यानंतर मला काही सुचेना. वर्षभरात तिचं नाव इतक्या जवळून कोणी घेतलं नव्हतं. लोक माझ्यासमोर तिचं नाव टाळतात.

कॅसिनोची बोट पणजीला नदीत उभी असते. आम्ही दुपारी गेलो. आत थंडगार, जाड गालिचे, खिडक्या नाहीत. एका टेबलावर मोठं चाक असतं. त्यावर एक ते छत्तीस आकडे आणि एक हिरवं शून्य. चाक फिरवतात, पांढरी गोळी सोडतात, ती एका आकड्याच्या खाचेत पडते. टेबलावर आकड्यांचा पट असतो. एका आकड्यावर चकती ठेवता येते, किंवा बारा-बारा आकड्यांचे तीन वाटे असतात, त्यातल्या एका वाट्यावर ठेवता येते. त्या वाट्यातला कुठलाही आकडा आला, तर ठेवलेल्याचे तिप्पट होऊन हातात येतात.

बाबांचा नियम असा: तिघांनी एकाच टेबलाशी, एकाच डावाला, एकदाच लावायचं. आपली चकती ठेवायची आणि लगेच डोळे मिटून बाबांचं नाव घ्यायचं. दुसऱ्याची चकती बघायची नाही. बघितली तर दोघांचंही जातं.

तर तीन म्हातारे कॅसिनोत डोळे मिटून हात जोडून उभे. इनायत आमच्या मागे. तरुणपणी जत्रेला गेलो की आम्ही पाकिटं त्याच्याकडे द्यायचो, कारण तो पीत नव्हता. त्या दिवशीही तिघांचे मोबाईल आणि पिशव्या त्याच्याकडे होत्या. त्यानं खांद्यावर थाप मारली तेव्हा मी डोळे उघडले. टेबलावरच्या मुलीनं हरलेल्यांच्या चकत्या आधीच ओढून नेल्या होत्या. पटावर फक्त माझी चकती होती, आणि ती मुलगी तिच्याशेजारी आणखी चकत्या रचत होती. मी थोडंच लावलं होतं, त्यामुळे जिंकलो तेही थोडंच. गोरक्षनं किती लावलं हे तो बोलला नाही. परतताना सगळा वेळ तो खिडकीतून बाहेर बघत होता. आम्हाला वाटलं, गाडी लागते आहे.

मंडपातल्या त्या गुरुवारनंतर दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं सटाण्याला गेलो. इनायत मशीनवर होता. त्याची बायको ताहेरा हिनं चहा दिला. मी मंडपातलं सगळं सांगितलं. कांद्याचा हात ऐकून इनायत हसला, पण गोरक्षनं ऑपरेशनचेच पैसे लावले हे ऐकल्यावर त्यानं मशीन थांबवलं.

"या अल्ला. वो डिब्बेवाले पैसे थे?"

"हो. आणि आता वहिनींचं सोनं घेऊन पुन्हा जायचं म्हणतो. हात चुकला, यावेळी चुकणार नाही म्हणतो."

"कोणाचा हात चुकला?"

"गोरक्षचा. आम्हाला सगळ्यांना अंक बरोबरच दिला होता म्हणे, त्यानं जागा चुकवली."

इनायतनं माझ्याकडे नीट बघितलं. "लहानू, हात कुठं चुकला? किती आरामात ठेवलं त्यानं. तिसऱ्या वाट्यात, बरोबर मधोमध. आधी बोटानं आकडे मोजले, मग ठेवलं. वाल्मीकनं मधल्या वाट्यात. तू पहिल्या. मला वाटलं, तुम्ही आपसांत ठरवून आलाय. भाऊ-भाऊ शेत वाटून घेतात तसं. म्हटलं, चला, एकाला तर मिळणारच, मग तिघं वाटून घेतील."

मी कप खाली ठेवला.

"हे आधी का नाही बोललास?"

"काय बोलणार यार? तुमचा बाबा, तुमचे मंत्र. मी तोंड घातलं असतं तर वाल्मीक म्हणाला असता, याला काय कळतं आमच्यातलं."

ते खरं होतं. वाल्मीक असंच म्हणाला असता.

आम्ही दोघं तिथूनच देवळ्याला निघालो. वाल्मीकला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत गोरक्षच्या ओसरीवर बसलो. कुसाबाई आत खाटेवर होत्या, दार उघडं होतं. उशाशी सोनं ठेवलेला डबा होता. तो त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला होता.

वाल्मीक आल्यावर मी म्हणालो, "मला पहिले बारा सांगितले होते."

"लहान्या!" वाल्मीक उठूनच उभा राहिला. "बोललास? अरे, उलटतं ते!"

"माझ्यावर काय उलटायचं राहिलंय? तुला काय सांगितलं होतं?"

वाल्मीक नकारार्थी मान हलवत खाली बसला. मी गोरक्षकडे वळलो. "तुला काय सांगितलं होतं रे?"

गोरक्षनं दाराकडे बघितलं. "मी नाय सांगणार. ती आजारी हाय. माझ्या तोंडानं निघालं आन तिला काय झालं तर?"

"गोरक्ष, तू चकती कुठं ठेवली ते मी बघितलंय," इनायत म्हणाला. "मला शपथ नाही. मी सांगू?"

"तू बघितलंस ते माझी चूक असंल. गडबडीत झालं असंल. बाबांनी काय सांगितलं ते मी बोलणार नाय. जीव गेला तरी नाय."

त्याला काय म्हणणार? माणूस बायकोच्या जिवासाठीच गप्प बसला होता, आणि त्याच गप्प बसण्यानं तिचा जीव जाणार होता.

आतून कुसाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "जे शे ते सांगी टाका."

"अगं पण..."

"मला व्हायचं ते झडपेनं होईल. तुमच्या बोलण्यानं नाय होणार. आन झालं तर होऊ द्या. पण गळ्यातलं द्यायच्या आधी मला कळलं पाहिजे. सांगा."

गोरक्षनं खांबाला हात लावला आणि म्हणाला, "शेवटचे बारा."

आम्ही सगळे आतल्या खाटेकडे बघत राहिलो. कुसाबाई तशाच होत्या. कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "पाणी द्या जरा."

गोरक्षनं तांब्या नेऊन दिला. मग वाल्मीक बसल्या जागेवरून म्हणाला, "मला मधले."

"म्हणजे हात चुकला नाही," मी म्हणालो. "तुला जे सांगितलं तेच तू केलंस. आता मला एक सांगा. गोळी एक. आपण तिघं. डाव एकच. तिघांनीही पथ्य पाळलं असतं, कोणी कांद्याकडे बघितलंही नसतं, तर गोळी कुठं पडली असती?"

गोरक्ष बोटांवर काहीतरी मोजत राहिला. पहिल्या बारांत पडली तर दोघे हरणार. मधल्यांत पडली तरी दोघे, शेवटच्यांत पडली तरी दोघेच. शून्य आलं तर तिघेही. कसंही झालं तरी तिघांना दिलेला शब्द एका गोळीनं पाळता येत नाही.

"म्हणून तिघंच लागतात," वाल्मीक हळूहळू म्हणाला. "म्हणून एकटा चालत नाय."

"आणि म्हणून डोळे मिटायचे," इनायत म्हणाला. "आणि तोंडही."

युक्ती एवढीच होती. जिंकतो त्याला हार घालून माईकपुढे उभं करायचं, तो दक्षिणा देतो. हरतात ते आपला कांदा आठवत गप्प बसतात आणि शुद्धीचे पैसे देतात. जिंकलेला माणूस बाबांना लागतो. तो कोण असेल, हे त्यांना माहीत असायची गरजच नाही.

मला आणखी एक विचारायचं होतं. "वाल्मीक, सिंधूचं नाव त्यांना कसं कळलं?"

तो माझ्याकडे बघेना. "नाव नोंदवताना सेवक विचारतात. घरी कोण, कोण वारलं. मीच सांगितलं. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. त्या एका वाक्यावर मी इतके दिवस जगत होतो, हे मला तिथे उभं असताना कळलं. खोटं आहे असं म्हणत होतो आणि आतून ते धरूनही ठेवलं होतं. ते आता गेलं. तोंड पुसून मी बाहेर आलो.

पुढच्या गुरुवारी आम्ही मंडपात गेलो, सोनं न घेता. चौघंही गेलो. बाबांनी गोरक्षला शुद्धीला बोलावलं, तेव्हा मी उठून तोच प्रश्न विचारला. आम्हाला कोणाला कोणते बारा दिले तेही मोठ्यांदा सांगितलं.

"हा प्रश्न अहंकारातून आला आहे!" बाबा म्हणाले.

"कुठूनही येऊ द्या महाराज, गोळी कुठं पडली असती?"

"ब्रह्मांडाला तुमचं गणित लागू नाही!"

"ब्रह्मांडाला नसेल, कॅसिनोला आहे," इनायत मागून म्हणाला.

त्यांनी माईक बंद केला. सेवक आमच्याकडे यायला लागले. तेव्हा वाल्मीक, ज्यानं कितीतरी त्रिकुटं स्वतः जमवून आणली होती, तो बाजूच्या एका खुर्चीवर चढला. "माझ्याबरोबर आलेले कोण कोण आहेत?" तो ओरडला. "एकमेकांना अंक सांगा! आत्ता! काही उलटत नाही, आम्ही सांगून आलोय!"

मग कोपऱ्यातला एक जण शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलला. शेजारच्यानं तिसऱ्याला शोधलं. तिघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग त्यातला एक पायताण घालून बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले. सगळे गेले नाहीत. पुढच्या रांगेतली ती बाळवाली बाई बसूनच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं ते मी तिचं काही चोरल्यासारखं. मला तिचा राग आला नाही.

आम्ही पोलिसात लेखी तक्रार दिली आहे. मंडप अजून भरतो, पूर्वीइतका नाही.

मी जास्त शिकलेलो नाही, पण हे वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो. कोणी तुमच्या कानात काही सांगितलं आणि म्हणालं की कोणाला बोलू नका, तर ते घरी येऊन सगळ्यांसमोर बोला. तुमच्याबरोबर जे गेले होते त्यांना विचारा, तुला काय सांगितलं. जिंकलेल्या एकाकडे बघू नका, हरलेले किती ते मोजा. आणि काही बिघडलं की दरवेळी दोष तुमचाच निघत असेल, तर नियम कोणी केला ते बघा. एवढं केलं तरी पुष्कळ होईल. गेलेलं माणूस आकडे पाठवत नाही. पाठवू शकली असती, तर सिंधूनं मला आधी दुसरं काहीतरी सांगितलं असतं.

मी जिंकलेले पैसे कुसाबाईंच्या डब्यात ठेवले. कुसाबाईंनी ऑपरेशनसाठी सोनं मोडलं, त्याचे पैसेही त्यातच आहेत. इनायत आणि वाल्मीकनं जमेल तसं दिलं आहे. अजून पुरत नाहीत. सरकारी योजनेतून काही होतं का ते बघायला गोरक्ष हॉस्पिटलच्या खेपा घालतो. कागद दिले आहेत, नंबर लागलेला नाही. कुसाबाई आता ओसरीपर्यंतही चालत येत नाहीत.

ऑपरेशन अजून झालेलं नाही.